दात पांढरे करायचेत? क्रम चुकवू नका

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापुरातल्या दातांच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, रविवारी सुपारी फुटणार आहे, तेवढ्यात दात पांढरे करून द्या." तोंड उघडून बघावं तर हिरड्या सुजलेल्या, किटण साचलेलं, आणि आठवडाभर लिंबू-मीठ घासल्यामुळे गार पाणीसुद्धा सहन होत नाही. अशा तोंडात ब्लीचिंगचं, म्हणजे औषधाने दातांचा रंग उजळण्याचं, जेल लावलं तर रात्रभर कळा येतात आणि रंगही डागाडागांचा दिसतो.

दात सुरक्षितपणे उजळता येतात. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. जे काम शेवटी करायचं ते आधी करतात आणि ज्याच्यावर सगळं उभं राहणार ते करतच नाहीत. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: घरगुती प्रयोग आज रात्रीपासून बंद

दाताच्या बाहेरच्या पांढरट, चकचकीत थराला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की परत तयार होत नाही. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं तर तिथली तुकतुकी जाऊन डाग उठतो, दातावर नेमकं तेच होतं. आधी मऊ पडलेल्या थरावर मीठ किंवा खायचा सोडा घासला की तो थरच निघून जातो. पहिले दोन दिवस दात स्वच्छ वाटतात, कारण वरचा डाग खरवडला जातो. इनॅमलच्या आतला थर, म्हणजे डेंटिन, मुळात पिवळा असतो. इनॅमल पातळ झालं की तो जास्त दिसतो आणि दात आधीपेक्षा पिवळे होतात.

कोळशाची पूड, राखुंडी, गेरू घातलेलं लाल मंजन, तुरटी यांचंही तसंच. पूड जितकी भरड तितकी झीज जास्त. कोळशाच्या काळ्या पेस्टचा सध्या फार बोलबाला आहे. त्यातले कण हिरडीच्या कडेत आणि दातात भरलेल्या जुन्या सिमेंटच्या सांध्यात अडकून बसतात, तिथे काळी रेघ दिसायला लागते आणि ती काढायला पुन्हा खुर्चीवर बसावं लागतं.

*सावधान:* पार्लरमध्ये किंवा जत्रेतल्या स्टॉलवर कुणी "पाच मिनिटांत पांढरे" म्हणून दातांना पातळ औषध लावत असेल तर तोंड उघडू नका. दातांवर उपचार करायला कायद्याने नोंदणी लागते. त्या बाटलीत काय आहे हे लावणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही.

टप्पा २: तारीख ठरवा आणि उलट मोजा

सगळं नीट करायचं तर आठ ते दहा आठवडे हातात हवेत. तपासणी आणि सफाई, हिरड्या भरून यायला एक-दोन आठवडे, दात आंबू नयेत म्हणून दोन आठवड्यांची तयारी (ही हिरड्या भरून येतानाच सुरू करता येते), दोन ते चार आठवडे ब्लीचिंग, नंतर दोन आठवडे विश्रांती, आणि मग समोरच्या दातांचं सिमेंट किंवा कॅप बदलायची असेल तर ती. मे महिन्यातलं लग्न असेल तर सुरुवात फेब्रुवारीअखेर व्हायला हवी.

दहाच दिवस उरले असतील तर ब्लीचिंगचा नाद सोडा. सफाई आणि पॉलिश करून घ्या, तेही कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी. चहा-तंबाखूचे डाग ज्यांच्या दातांवर आहेत त्यांना एवढ्यानेच इतका फरक पडतो की पुढे काही करायची इच्छा राहत नाही.

टप्पा ३: डाग कुठला आहे ते ओळखा

याला वेळ द्या. पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीपाशी उभं राहा, बल्ब बंद ठेवा. हातात छोटा आरसा घ्या. ओठ वर करून वरचे पुढचे दात स्वच्छ सुती कापडाने कोरडे करा. ओला दात चमकतो आणि डाग लपवतो. आता दाताचा टोकाकडचा भाग, मधला भाग आणि हिरडीजवळचा भाग वेगवेगळा बघा. मग खालच्या पटाशीच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू बघा. तिथे बोट फिरवून खरखरीत लागतंय का तेही पाहा.

दातांच्या फटीत आणि आतल्या बाजूने तपकिरी-काळे डाग असतील तर ते चहाचे, तंबाखूचे किंवा मिश्रीचे. हे बाहेरचे डाग, सफाईने जातात. हिरडीलगत पिवळट, दगडासारखा टणक थर असेल तर ते किटण. ते ब्रशने किंवा कुठल्याही पेस्टने निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश काही आठवडे सलग वापरला तरी तपकिरी डाग पडतात आणि लोहाच्या पातळ औषधाने काळे पडतात. तेही वरवरचेच.

सगळे दात एकसारखे पिवळसर असतील, सुळे जरा जास्तच, तर तो वयाचा आणि डेंटिनचा रंग. ब्लीचिंगचा सगळ्यात चांगला उपयोग इथे होतो. सुळे मुळातच इतर दातांपेक्षा गडद असतात हे लक्षात असू द्या, त्यांना शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणायच्या हट्टापायी लोक उगाच जास्त दिवस जेल लावतात.

दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे असतील तर फ्लोरोसिसची शक्यता असते. लहानपणी फ्लोराइड जास्त असलेलं पाणी पिण्यात आलं की असं होतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे हे दिसतं आणि तिकडून कोल्हापुरात शिकायला, नोकरीला आलेली माणसं "आमचे दात घासूनही जात नाहीत" म्हणून हताश असतात. घासून हे जाणारही नाहीत. नुसत्या ब्लीचिंगने सुरुवातीला पांढरे ठिपके आणखी उठून दिसतात. त्यासाठी वरचा अगदी पातळ थर औषधाने घासणं किंवा ठिपक्यात रेझिन (दाताच्या रंगात मिसळणारा पातळ पदार्थ) मुरवणं असे वेगळे उपाय आहेत.

राखाडी-निळसर आडवे पट्टे असतील तर लहानपणी घेतलेलं किंवा गरोदरपणात आईने घेतलेलं टेट्रासायक्लिन हे कारण असू शकतं. हे उजळतात, पण आठवड्यांत नाही, काही महिने लागतात.

एकच दात काळवंडला असेल तर विचारा स्वतःला, लहानपणी तिथे मार बसला होता का? तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर, सायकलवरून पडून. आपल्याकडे असे पेशंट खूप. दाताची नस मेली की वर्षानुवर्षं दुखत नाही, फक्त रंग बदलतो. अशा दाताचा आधी एक्स-रे लागतो, बहुतेक वेळा रूट कॅनल, आणि मग दाताच्या आतून ब्लीचिंग. बाहेरून जेल लावत बसून काही होत नाही.

*तपासा, आणि हे टाळू नका:* गालाच्या आत, जिभेखाली किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, तिखट लागल्यावर होणारी आग. आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का तेही बघा. जात नसतील आणि तंबाखू, मावा, गुटखा किंवा सुपारीची सवय असेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तोंडाची तपासणी करून घ्या. ही कॅन्सरची किंवा त्याच्या आधीची खूण असू शकते.

टप्पा ४: तंबाखू आणि मिश्री

हा टप्पा गाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं वाया.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या भागात आजी, आत्या, सासूबाई ती "दात घासायला" म्हणूनच लावतात आणि घरातलं कुणी त्याला व्यसन म्हणत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीवर बोटाने चोळला की निकोटिन थेट रक्तात जातं, म्हणून ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, असं वाटतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला मात्र कुणी थांबवत नाही.

ती एकदम सुटत नसेल तर दिवसातल्या वेळा आधी कमी करा. सकाळची वेळ सगळ्यात शेवटी सोडा, ती सगळ्यात अवघड असते. त्या वेळी बोटाऐवजी मऊ ब्रश आणि साधी पेस्ट हातात ठेवा, म्हणजे हाताला काम राहतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८०० ११ २३५६. घरातल्या बाईमाणसाला स्वतःहून फोन करायला संकोच वाटतो, तेव्हा तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसा.

टप्पा ५: तपासणी आणि सफाई

"सफाई केली की दात हलायला लागतात" ही समजूत कोल्हापूर शहरापासून गडहिंग्लज-चंदगडपर्यंत सगळीकडे ऐकू येते. खरं असं आहे की किटणामुळे हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं. हलणाऱ्या दाताला ते किटणच धरून असतं. ते काढलं की खरी परिस्थिती दिसते. किटण तसंच ठेवलं तर हाड आणखी झिजतं आणि दात गमवावा लागतो. सफाईनंतर दातांत फटी दिसल्या तर त्या आधीपासून होत्या, किटणाने भरलेल्या होत्या.

सफाईने दाताचा मूळ रंग बदलत नाही, वरचं ओझं उतरतं. म्हणूनच ती आधी. किटणावर लावलेलं जेल दातापर्यंत पोहोचत नाही.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, घाईने जाऊ नका.

खुर्चीवर बसल्यावर हे विचारून घ्या: किडलेला दात आहे का, कुठे तडा आहे का, हिरडी उतरून मूळ उघडं पडलंय का, समोरच्या दातांत सिमेंट किंवा कॅप कुठे कुठे आहे. त्यानंतर शेड-गाइडची, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांची, पट्टी दाताशेजारी धरून फोटो काढून घ्या. आठवड्यानंतर डोळा फसतो, फोटो फसत नाही.

*तपासा:* सफाईनंतर आठ-पंधरा दिवसांत ब्रश करताना येणारं रक्त थांबायला हवं. थांबलं नाही तर पुढे जाऊ नका, परत दाखवा.

टप्पा ६: दात आंबू नयेत म्हणून तयारी

ब्लीचिंगच्या किमान दोन आठवडे आधी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली पेस्ट सुरू करा. घटक डब्यावर छापलेले असतात, वाचून घ्या. फक्त "सेन्सिटिव्ह" एवढं नाव बघून उचलू नका.

ब्रश मऊ हवा. हिरडी आणि दाताच्या रेषेवर तो तिरका, ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी थरथरवत फिरवा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, रात्रीची वेळ चुकवायची नाही. आडवं खसाखसा घासणाऱ्यांच्या सुळ्यांपाशी खाचा पडतात आणि पुढे तिथेच जेल लागून कळ येते. पेस्ट थुंका, पण लगेच चुळा भरून सगळी धुऊन टाकू नका, तिचं काम त्या उरलेल्या थरानेच होतं.

टप्पा ७: प्रत्यक्ष ब्लीचिंग

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसंच अठरा वर्षांखालच्या मुलांनी हा टप्पा करू नये. ज्यांच्या समोरच्या दातांवर कॅप किंवा सिमेंट आहे त्यांनी ध्यानात घ्यावं की त्यांचा रंग बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळतील आणि जुनी कॅप पिवळी उठून दिसेल.

दवाखान्यात करायचं तर साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरडीवर आधी संरक्षक थर बसवतात. तो बसवल्याशिवाय कुणी जेल लावत असेल तर हात धरून थांबवा, हिरडी भाजते. त्याच दिवशी दिसणारा झगझगीत पांढरेपणा पूर्ण खरा नसतो, दात कोरडे पडल्यामुळेही ते जास्त पांढरे दिसतात. काही दिवसांत रंग थोडा उतरतो आणि लोक "फसवलं" म्हणतात. जेल लावल्यावर दातांवर धरतात त्या निळ्या दिव्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

माझा कल घरी करायच्या ट्रेकडे आहे. दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात आणि त्यात १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरतात. १० टक्क्यांच्या जेलमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, म्हणजे दवाखान्यातल्या जेलपेक्षा बरंच सौम्य. वेळ जास्त लागतो, पण कळा कमी येतात आणि कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहतं. ऑनलाइन मिळणारे पाण्यात उकळून बसवायचे सैल ट्रे घेऊ नका, त्यातून जेल हिरडीवर ओघळतं.

रोजचं काम असं:

१. रात्री जेवणानंतर ब्रश आणि फ्लॉस करा (दातांच्या फटींतून दोरा फिरवा), तोंड पाण्याने स्वच्छ धुवा.
२. ट्रे कोरडा करा. प्रत्येक दाताच्या खळग्यात, ओठाकडच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढाच थेंब ठेवा. फक्त हसताना दिसणाऱ्या आठ-दहा दातांना. दाढांना गरज नाही.
३. आरशासमोर ट्रे हलकेच बसवा. मागून पुढे दाबू नका, सरळ वर दाबा. जेल कडेने बाहेर आलं तर कोरड्या बोटाने किंवा कापसाने लगेच पुसा. रोज बाहेर येत असेल तर तुम्ही जास्त भरताय.
४. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच वेळ ठेवा. टक्केवारी जास्त असेल तर वेळ कमी असते, आपल्या मनाने ती वाढवू नका.
५. काढून गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ट्रे वाकडा होतो. दात मऊ ब्रशने पुसून घ्या.

आधी फक्त वरचे दात करा, खालचे नंतर. दोन्ही ओळी शेजारी ठेवून फरक कळतो आणि धीर टिकतो. नाहीतर पाचव्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून दुप्पट जेल भरलं जातं.

गार हवा लागली तरी दातांतून सणक जात असेल तर एक-दोन दिवस सुट्टी घ्या आणि मग दिवसाआड सुरू करा. त्या सुट्टीत ट्रेमध्ये जेलऐवजी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट भरून दहा-पंधरा मिनिटं ठेवली तर आराम पडतो. हिरडीवर पांढरा डाग पडून चुरचुरलं तर ते जेल लागल्याचं आहे, धुऊन टाका, थोड्या दिवसांत भरून येतं. ट्रेची कडच टोचत असेल तर ती डॉक्टरांकडून कापून घ्या, घरी कात्री लावू नका. एकाच दाताला सतत ठणका असेल तर पूर्ण थांबा, तो दात वेगळं काही सांगतोय.

*कुठे थांबायचं:* आरशात दातांचा रंग डोळ्यांच्या बुबुळाभोवतीच्या पांढऱ्याशी जुळला की पुरे. त्यापुढे गेलेले दात निळसर, काचेसारखे दिसायला लागतात.

टप्पा ८: पहिले दोन दिवस आणि पुढचे दोन आठवडे

ब्लीचिंगनंतर दात थोडे कोरडे असतात आणि रंग चटकन धरतात, म्हणून निदान दोन दिवस गडद खाणं टाळा. कोल्हापूरकराला सोप्या भाषेत सांगायचं तर पांढरा रस्सा चालेल, तांबडा नको. मिसळीचा कट, हळदीची आमटी, बीट, जांभळं, करवंदं, कोरा चहा, कॉफी हे बाजूला. दहीभात, भाकरी आणि पनीर, केळं, गंगावेशच्या कट्ट्यावरचं दूध खुशाल घ्या. घरी ट्रे वापरत असाल तर हे पथ्य महिनाभर अक्षरशः पाळणं कुणाला जमत नाही. निदान जेल लावायच्या आधी आणि काढल्यावर काही तास तरी पाळा.

समोरच्या दातांचं सिमेंट किंवा कॅप नवीन करायची असेल तर ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबा. एक तर तोवर रंग स्थिर होतो आणि त्याच्याशी जुळवता येतं. दुसरं म्हणजे दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे लगेच लावलेलं सिमेंट नीट चिकटत नाही. घाईत आधी कॅप आणि मग ब्लीचिंग करणारे दुसऱ्यांदा कॅपचे पैसे भरतात.

टप्पा ९: रंग टिकवणं

साधारण वर्ष ते तीन वर्षं रंग टिकतो, सवयींवर अवलंबून.

चहा सोडा असं मी सांगणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण एक कप तासभर घुटके घेत पिऊ नका. दुकानात, ऑफिसात दिवसभर येणाऱ्या कटिंगपैकी निदान निम्म्या कमी करा आणि प्रत्येक चहानंतर साध्या पाण्याने चूळ भरा. लिंबू पिळलेला उसाचा रस, कोकम सरबत, सोडा यांनंतरही चूळच. लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या, तेवढ्या वेळात लाळ मऊ पडलेल्या इनॅमलला सावरते.

सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने सफाई करून घ्या. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस वाकले तर आधीच. रंग उतरल्यासारखा वाटला तर आधी सफाई करून पाहा. बहुतेक वेळा वरचा चहाच असतो. त्यानंतरही जुन्या फोटोशी तुलना करून फरक दिसला तरच डॉक्टरांना विचारून दोन-तीन रात्री जेल लावा.

उरलेलं जेल फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि तारीख उलटली की टाकून द्या. ट्रे मात्र टाकू नका. डबीत, उन्हापासून लांब ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा. मध्यंतरी नवीन सिमेंट किंवा कॅप बसली असेल तर जुना ट्रे नीट बसत नाही. तो दाबून बसवण्यापेक्षा नवीन माप देऊन घ्या.